गाडीमागं पळवून कुत्र्याचं डोकं थकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. १६ महिन्यांचा नर लॅब्रेडॉर, वजन ३० किलो. सकाळी स्कूटरच्या बाजूनं चार किलोमीटर पळवतात, संध्याकाळी अर्धा तास चेंडू. साडेनऊ ते साडेपाच घरात फक्त आजी-आजोबा. तरीही सोफ्याचा कोपरा फाडला, चपलांचे तीन जोड गेले आणि दुपारभर गॅलरीतून रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकणं चालू. आता अजून किती पळवायचं?

अजून नाही, कमी पळवायचं. गाडीच्या बाजूनं पळवणं तर आजच बंद करा. या वयाच्या मोठ्या जातीच्या कुत्र्याचे सांधे अजून पक्के होत असतात, आणि डांबरावर, गाडीच्या वेगानं, मनाविरुद्ध पळण्याचा सगळा भार त्यांच्यावर येतो. रहदारीचा धोका वेगळाच. शिवाय रोज चार किलोमीटर पळून त्याचा दम वाढतो. महिन्याभरात त्याला चार पुरत नाहीत, सहा लागतात. तुम्ही घरात एक पैलवान तयार करताय आणि त्याला दिवसभर करायला काहीच ठेवत नाही. चेंडूचंही तसंच. चाळीस वेळा तोच चेंडू फेकला की कुत्रा दमलेला दिसतो, पण खरं तर तो चेकाळलेला असतो. घरी येऊन धापा टाकत येरझाऱ्या घालतो, त्याला पडून राहताच येत नाही.

त्याला हवं आहे नाकाला काम, रोजचे चार छोटे निर्णय स्वतः घेण्याची मुभा, आणि त्यानंतर शांत झोप. यातली झोप बहुतेक घरांत विसरली जाते. मोठा कुत्रा दिवसाला बारा ते चौदा तास झोपतो, पिल्लू अठरा-वीस तास. त्यामुळे दिवसभर त्याची करमणूक करत बसायची गरज नाही. दिवसातून एकूण ४० ते ५० मिनिटं डोक्याचं काम, तेही तीन-चार तुकड्यांत, एवढं या लॅबला पुरेल.

पण आधी एक गोष्ट तपासा. कंटाळा वेगळा आणि एकटं राहण्याची भीती वेगळी. तुमच्याकडे आजी-आजोबा घरात असतात म्हणून भीतीची शक्यता कमी आहे, तरी काही कुत्री एकाच माणसावर जीव टाकून असतात. जुना मोबाईल कपाटावर ठेवून तुम्ही बाहेर पडल्यानंतरचा पहिला पाऊण तास रेकॉर्ड करा. कंटाळलेला कुत्रा साधारणपणे आधी झोपतो, दोन-तीन तासांनी उठतो आणि मग उद्योग शोधतो. घाबरलेला कुत्रा तुम्ही जिना उतरताच सुरू होतो: दाराची चौकट ओरबाडतो, लाळ गाळतो, रडतो, आणि समोर उकडलेलं चिकन ठेवलं तरी तोंड लावत नाही. हे दुसरं दिसलं तर पुढे दिलेले खेळ त्याचं औषध नाहीत. तिथे दोन मिनिटं, पाच मिनिटं असं एकटं राहणं हळूहळू शिकवावं लागतं, आणि डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवावा लागतो. अचानक सुरू झालेलं चावणं, माती खाणं किंवा सतत पंजे चाटणं असेल तर पोट, कातडी, दात आणि कान आधी तपासून घ्या.

आता सकाळच्या फेरीपासून सुरुवात करू. पाठीला आणि छातीला बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस आणि तीन मीटरची सुती किंवा नायलॉनची दोरी घ्या. गुंडाळणारा, आपोआप आत ओढला जाणारा पट्टा नको, कारण त्याला कायम ताण असतो आणि कुत्रा ओढायलाच शिकतो. २५ मिनिटांच्या फेरीत पहिली १५ मिनिटं दिशा त्याची. एका विजेच्या खांबाशी तीन मिनिटं थांबला तर तीन मिनिटं थांबा. तिथे रात्री कोण आलं होतं, नर की मादी, आजारी की धडधाकट, हे तो वाचत असतो. अंतर किती झालं ते मोजूच नका. नीट हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत ओढतो, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला ते धड जमत नाही. म्हणून आधी हुंगणं, नंतर धावणं. उलटं केलं की नाकाचं काम वाया जातं.

आठवड्यातून दोनदा जागा बदला. आमराईच्या आसपास, कृष्णाकाठी घाटाच्या वरच्या अंगाला, हरिपूरच्या रस्त्यानं, कधी गाडीत घालून दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला. साताऱ्याच्या वाचकांना यवतेश्वरचा रस्ता किंवा अजिंक्यताऱ्याचा पायथा आहेच. नवी जागा म्हणजे नवे वास, आणि त्याच पंधरा मिनिटांत दुप्पट काम होतं. मात्र सांगली, औदुंबर, भिलवडी या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. लॅबला पाण्याचं वेड असतं म्हणून त्याला नदीत सोडू नका, काठावरही दोरी हातात ठेवा. शिराळा, कऱ्हाड, पाटणच्या बाजूला उसाच्या फडाजवळ तिन्हीसांजेला कुत्रं मोकळं सोडणं म्हणजे बिबट्याला आवतण. गवतातून आल्यावर कानाच्या आत, पंजाच्या बोटांमध्ये आणि गळपट्ट्याखाली गोचीड बघा. गोचीडतापानं मरगळलेल्या कुत्र्याला लोक अनेकदा ‘शहाणा झाला’ असं समजतात.

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर काढा. उलटा तळहात डांबरावर सात सेकंद ठेवता आला नाही तर कुत्र्याचे पायही ठेवू नका. पग किंवा तत्सम चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर उन्हाळ्यात बाहेरचं जवळपास सगळं काम घरात आणा.

दुसरा मोठा बदल जेवणात करा. समजा पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे त्याला दिवसाला ३२० ग्रॅम कोरडं खाणं लागतं. सकाळी तराजूवर मोजून ते एका डब्यात काढा. त्यातलं १०० ग्रॅम भांड्यात द्या, उरलेलं २२० दिवसभरात त्यानं कमवायचं. खेळासाठी वरून वेगळं खाणं देऊ नका. लॅबचं वजन बघता बघता वाढतं, आणि मग सगळा दोष खेळांवर येतो. चिकन, पनीर असं वरचं खाणं द्यायचंच तर एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

कमवायचं म्हणजे कसं? विकतची महागडी कोडी आणायच्या आधी स्वयंपाकघर बघा. इडलीपात्राची चार खळ्यांची एक थाळी घ्या, प्रत्येक खळीत त्याच्या कोरड्या खाण्याचे सात-आठ दाणे टाका आणि खाली रबरी पायपुसणं ठेवून त्याच्यापुढे ठेवा. नाहीतर स्टील फरशीवर घसरतं, आवाज होतो आणि भित्रा कुत्रा परत जवळ येत नाही. दोन दिवसांनी दोन खळ्यांवर जुने टेनिसचे चेंडू ठेवा, आणखी दोन दिवसांनी चारही झाका. आता चेंडू बाजूला केल्याशिवाय दाणे मिळत नाहीत. चेंडू फोडून खाणारा कुत्रा असेल तर चेंडूऐवजी लोकरीचा मोजा गुंडाळून ठेवा, आणि मोजेही गिळणारा असेल तर हा खेळच सोडा.

जुना टॉवेल फरशीवर पसरून त्यावर मूठभर दाणे टाका आणि सैल गुंडाळी करा. तो नाकानं उलगडतो. जमू लागलं की गुंडाळी घट्ट करा, मग मध्ये एक सैल गाठ मारा. पुठ्ठ्याचे खोकेही उत्तम, पण पिना, चिकटपट्टी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढा. पुठ्ठा फाडला तर फाडू द्या. फाडणं हे त्याला हवंच आहे, आणि सोफ्याऐवजी खोका फाडला तर तुमचं काम झालं. फक्त फाडतो की गिळतो एवढं पहिले काही दिवस बघा.

हुंगण्याची चटई घरी करता येते. भोकं असलेलं रबरी पायपुसणं साधारण ३० गुणिले ४० सेंटिमीटरचं घ्या. जुन्या फ्लीसच्या ब्लँकेटच्या अडीच सेंटिमीटर रुंद, १८ ते २० सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी एका भोकातून वर काढून शेजारच्या भोकातून परत आणा आणि घट्ट गाठ मारा. गाठी खालच्या अंगाला, टोकं वर. भोकं उभी-आडवी दोन्हीकडून भरली की दाट गवतासारखं होतं. सुती साडीच्या पट्ट्या चालतात, पण त्या चपट्या पडतात आणि दोरे सुटतात. यात ४० ग्रॅम दाणे टाकले तर लॅबला दहा-बारा मिनिटं लागतात. जेवण झालं की चटई उचलून ठेवा, नाहीतर तो पट्ट्या उपटायला लागतो. त्यालाही तो खेळच वाटतो. आठवड्यातून एकदा धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या चटईला बुरशी येते.

पोकळ रबरी खेळणं एकच घ्या, पण चांगलं आणि मोठ्या मापाचं. त्याच्या मागच्या दाढांच्या पलीकडे ते जाता कामा नये. भरताना तळाला कोरडे दाणे, मध्ये दोन-तीन मोठे चमचे मऊ दहीभात (मीठ, फोडणी काही नाही), तोंडाशी किसलेलं गाजर किंवा भोपळ्याचा उकडलेला तुकडा. पहिले तीन-चार दिवस गोठवू नका, सैलच भरा. पाच मिनिटांत रिकामं झालं पाहिजे. मग फ्रीजमध्ये, मग बर्फाच्या कप्प्यात चार तास. लोक पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठवून देतात, कुत्रा दोन मिनिटं चाटतो आणि निघून जातो. मग ‘आमच्या कुत्र्याला आवडत नाही’ म्हणून खेळणं माळ्यावर जातं. तोंडाशी शेंगदाण्याचं बटर लावायचं असेल तर डब्यावरची यादी वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं बटर कुत्र्याला विष आहे.

विषाचं निघालंच आहे तर हा परिच्छेद आजी-आजोबांना वाचून दाखवा. सांगली-तासगाव भागात द्राक्षं आणि बेदाणे घराघरांत वाटीनं असतात, आणि कुत्र्यानं लाडीगोडी केली की चार दाणे सहज दिले जातात. द्राक्ष आणि बेदाणा दोन्हींमुळे कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्लं की धोका याचा हिशेब बांधता येत नाही. एखाद्याला काही होत नाही, दुसऱ्याला थोड्याशानंही होतं. बेदाणा सुकलेला म्हणजे तेवढ्याच वजनात द्राक्षं कितीतरी जास्त. भडंगमध्ये लसूण असतो, ओल्या भेळेत कांदा. दोन्ही नकोत. चॉकलेट नको. खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, मिठाचीच विषबाधा होते. किती वाजता, अंदाजे किती खाल्लं हे लिहून घेऊन लगेच दवाखाना गाठा.

चघळायला काय द्यावं यावर घराघरांत वेगळी मतं असतात. कसोटी साधी ठेवा: नखानं दाबल्यावर किंचित खूण उमटली पाहिजे. उमटत नसेल तर दाढ तुटू शकते, त्यामुळे शिंग, खूर आणि जाड नळीची हाडं बाद. शिजवलेलं हाड, मग ते कोंबडीचं असो की बोकडाचं, त्याच्या काचेसारख्या कपच्या होतात. रविवारचा मटणाचा रस्सा झाल्यावर ताटातली हाडं थेट बंद डब्यात जाऊ द्या. आंब्याची कोय आणि दाणे काढलेलं मक्याचं कणीस ही आपल्याकडची दोन मोठी कारणं आहेत आतडं अडकण्याची. अख्खी कोय लॅब आरामात गिळतो. करवंटीचे टोकदार तुकडे होतात, उसाची चिपाडं पोटात गोळा होऊन बसतात. यापेक्षा अख्खं जाड गाजर गोठवून द्या. याकच्या दुधाची कडक चुरपी (वाळवलेलं चीज) मिळते ती नखाच्या कसोटीत बसत नाही, मात्र पाण्यात भिजवून किंचित मऊ केली तर देखरेखीत चालते. शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा राहिला की काढून घ्या, आणि काढून घेताना बदल्यात चिकनचा तुकडा द्या. नुसतं हिसकावलं की महिन्याभरात तो गुरगुरायला लागतो, आणि तेव्हा चूक त्याची नसते.

या सगळ्यात सर्वांत मोलाचा खेळ ‘शोध’, आणि तो बिनखर्चाचा आहे. नीट पायरीपायरीनं शिकवला तर १५ मिनिटांत लॅब पडून राहतो.

पहिले दोन दिवस एकानं कुत्रा धरायचा. दुसऱ्यानं त्याच्या डोळ्यांसमोर दहा दाणे फरशीवर ठेवायचे आणि ‘शोध’ म्हणून सोडायचं. तिसऱ्या दिवशी तो बघत असतानाच दाणे खोलीच्या कोपऱ्यांत, खुर्चीच्या पायाशी. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याला दाराबाहेर ठेवा, दाणे लपवा, दोन मिनिटं थांबा आणि मग आत घ्या. ही दोन मिनिटं महत्त्वाची, वास जागेवर पसरायला वेळ लागतो. छताचा पंखा बंद ठेवा. पंखा जोरात असेल तर वास सगळ्या खोलीभर पसरतो आणि नवशिका कुत्रा गोंधळतो. पुढे मुद्दाम लावा, तो अवघड पेपर समजा. मग उंची: आधी नाकाच्या पातळीवर स्टुलाच्या दांडीवर, मग खिडकीच्या कट्ट्यावर. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. जागा नवी असेल तर उंची जुनीच, उंची नवी असेल तर खोली जुनीच.

बहुतेकांची इथे एक चूक हमखास होते. कुत्र्याला अर्धा मिनिट सापडलं नाही की माणूस बोट दाखवतो. दोनदा बोट दाखवलं की कुत्रा नाक वापरायचं सोडून तुमच्या हाताकडे बघत उभा राहतो, आणि खेळ संपला. दोन मिनिटं झाली तरी सापडेना तर न बोलता त्या बाजूला चालत जा आणि नुसते उभे राहा. तरीही नाही, तर एक सोपा दाणा उघड्यावर टाकून त्याला जिंकू द्या आणि उद्या एक पायरी खाली उतरा.

तीन आठवड्यांनी याला लवंगेचा वास शिकवता येतो. बरणीत आठ-दहा लवंगा आणि कापसाचे दोन-तीन बोळे घालून एक दिवस बंद ठेवा. लवंगा बाजूला काढा, वास लागलेला एक बोळा भोकं पाडलेल्या पत्र्याच्या छोट्या डबीत ठेवा. भोकांच्या कडा आतल्या बाजूला ठोकून घ्या, नाहीतर नाक कापेल. लवंगेचं तेल वापरू नका, फार तीव्र असतं. चार-पाच दिवस डबी आणि तिच्यावर चिकनचा तुकडा एकत्र लपवा. मग नुसती डबी, आणि त्यानं डबीला नाक लावताच तिथेच, डबीच्या जवळ, तुम्ही हातानं खाऊ द्यायचा. हात धुवायला विसरू नका. तुमच्या बोटांना लवंगेचा वास राहिला तर तो तुम्हालाच ‘सापडलं’ म्हणून सांगत बसेल, आणि बरोबरच असेल तो.

शिकवणं हाही डोक्याला खुराक आहे, पण वेळ तीन ते चार मिनिटं, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी हरभऱ्याच्या डाळीएवढे पंधरा तुकडे. आधी घरात शब्द ठरवा. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘बस रे बाळा’ म्हणते, मुलं ‘सिट सिट सिट’ म्हणतात, आणि वर कुत्रा ऐकत नाही अशी तक्रार. एका कागदावर पाच शब्द लिहून फ्रीजवर लावा: बस, थांब, सोड, चटई, शोध. बरोबर केल्या क्षणी एक छोटा शब्द, ‘हां!’, आणि एक-दोन सेकंदांत तुकडा. दहापैकी आठ वेळा जमलं की थोडं अवघड करा, पाच किंवा कमी जमलं तर सोपं करा. हा हिशेब मनात न ठेवता खरंच मोजा. माणसाला आपला कुत्रा नेहमी आहे त्यापेक्षा पुढे गेलेला वाटतो.

यातला ‘चटई’ हा शब्द तुमच्या घरात सर्वांत उपयोगाचा. चटईवर एक पाय पडला तरी ‘हां!’ आणि तुकडा चटईवरच टाका, हातात देऊ नका. मग चार पाय, मग बसणं, मग आडवं होणं. पाच सेकंद, पंधरा, मिनिट, तीन मिनिटं असं वाढवा. दाराची बेल वाजली की चटई, आजोबा जेवायला बसले की चटई. डोकं वापरून शांत राहणं हेही कामच आहे, आणि ते उड्या मारण्यापेक्षा जास्त थकवतं.

आजोबांना खुर्चीत बसून करता येण्याजोगा खेळ हवा असेल तर प्लास्टिकच्या तीन जड वाट्या. चटईवर उपड्या ठेवायच्या, त्याच्यासमोर एकीखाली दाणा, तो नाकानं किंवा पंजानं दाखवेल ती वाटी उचलायची. चुकला तर रिकामी वाटी दाखवून पुन्हा झाकायची, रागवायचं नाही. सुरुवातीला एकच वाटी, मग दोन, आणि हलवाहलव अगदी शेवटी. खेळण्यांची नावं शिकवणंही आजोबांच्या हातचं आहे. ‘दोरी’ म्हणायचं, दोरीला नाक लावलं की तुकडा. ते पक्कं झालं की शेजारी दुसरं, त्याला नावडतं खेळणं ठेवून ‘दोरी’ म्हणायचं. दुसरं नाव पहिलं दहापैकी आठ वेळा बरोबर आल्याशिवाय काढायचं नाही.

गॅलरीचं मात्र स्पष्ट सांगतो. रस्त्याकडे बघत बसणं म्हणजे त्याची करमणूक होते असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक भटकं कुत्रं येतं, हा भुंकतो, ते निघून जातं, आणि आपण भुंकलो म्हणून ते गेलं असं याच्या डोक्यात बसतं. दिवसाला पन्नास वेळा असं जिंकणारा कुत्रा संध्याकाळी शांत कसा होईल? ग्रिलच्या खालच्या तीन फुटांना हिरवी जाळी दुहेरी करून बांधा, दुपारी गॅलरीचं दार बंद. लेझरचा लाल ठिपका पळवायचा खेळ मुलांनी चालवला असेल तर तोही बंद. हातात कधीच काही लागत नाही, आणि काही कुत्री मग भिंतीवरच्या प्रत्येक उजेडामागे लागतात. ते वेड सहज जात नाही.

सोफ्याबाबत एक गैरसमज नको. खेळ सुरू केल्यानं लागलेली सवय आपोआप सुटत नाही. पुढचे दोन महिने माणूस शेजारी नसताना तो सोफ्यापर्यंत पोहोचताच कामा नये. दारात लहान मुलांचं फाटक किंवा प्लायवूडचा तुकडा लावा, चपला कपाटात. खेळणी दहा असतील तर एका वेळी चारच बाहेर, तीन-चार दिवसांनी बदलायची. सतत समोर असलेलं खेळणं त्याच्यासाठी टेबलाच्या पायासारखं होतं.

तुमच्या घराचा दिवस असा बसवता येईल. सव्वासहाला २५ मिनिटांची हुंगत फेरी. सातला भांड्यात १०० ग्रॅम. नऊच्या सुमाराला तीन मिनिटं ‘चटई’चा सराव, निघताना गोठवलेलं खेळणं. ते संपेपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं जातात, मग तो झोपतो, आणि त्याला झोपू द्यायचं. मुलांना सांगून ठेवा, झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. दुपारी एकला आजोबांच्या वाट्या किंवा हुंगण्याची चटई, दहा मिनिटं. पुन्हा झोप. साडेपाचला तुम्ही आलात की लगेच चेंडू नको. आधी पाच मिनिटं शांत बसा. ऊन उतरल्यावर फेरी, उन्हाळ्यात ती आठनंतर. चेंडू फेकायचाच तर आठ-दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी ‘थांब’ म्हणून, चेंडू गवतात लपवून ‘शोध’. तोच चेंडू, पण आता नाकाचा खेळ. रात्री १५ मिनिटं घरातला शोध. रविवारी नवी जागा. एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही तर उरलेले सगळे दाणे अंगणात किंवा गच्चीवर पसरून द्या, तेवढ्यानंही काम भागतं.

बंगलेवाल्यांना खणायचा हौद करता येतो: कडेला विटा लावून ६० गुणिले ९० सेंटिमीटर, एक फूट खोल, आत वाळू. काळी माती नको, पावसात ती पंजांना चिकटून घरभर येते आणि उन्हात दगड होते. पहिल्या दिवशी खेळणी अर्धी वर दिसतील अशी पुरा.

कारवान जातीची कुत्री पाळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना, कारण जत-आटपाडीकडे त्यांची संख्या मोठी आहे. हा डोळ्यानं शिकार करणारा कुत्रा, त्याला नाकाबरोबर पाठलागही लागतो. दीड मीटरच्या बांबूला तेवढीच दोरी आणि टोकाला कापडाचा गुंडा बांधा. जमिनीलगत गोल फिरवा, उड्या मारायला लावू नका, एका वेळी दोन मिनिटं, आणि दर फेरीच्या शेवटी त्याला गुंडा पकडू द्या. ज्वारीच्या रानात सशामागे सोडणं ही करमणूक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कुत्र्यांकरवी केलेला पाठलागही शिकारीतच धरला आहे.

घरात दोन कुत्री असतील तर खाण्याचे सगळे खेळ वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. म्हाताऱ्या, दिसेनासं झालेल्या कुत्र्याला ‘शोध’ पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच ठेवा, फरशीवर गालिचा टाकून. नाक शेवटपर्यंत साथ देतं.

फरक पडायला दोन ते तीन आठवडे द्या आणि रोज दोनच ओळी लिहा: किती तास झोपला, काय फोडलं. झोप वाढली आणि फोडाफोड कमी झाली तर गाडी रुळावर आहे. झोप तेवढीच आणि चेकाळणं वाढलं तर तुम्ही जास्त करताय, निम्मं करा. तीन आठवड्यांनीही फोडाफोड तशीच असेल, किंवा गुरगुरणं, शेपटी चावणं, एकाच जागी गोल फिरणं असं नवं काही दिसलं तर ती वही आणि मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गरज वाटली तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावं का, हेही त्यांना विचारा.